सुळ्याची नस

आमच्या सासरी दातांबद्दल प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. दात तेवढे फार थोड्यांना उरले होते. मी लग्न होऊन मुळशीत आले तेव्हा सासूबाई काही म्हाताऱ्या नव्हत्या, पण भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. असं कसं झालं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बाईच्या दर बाळंतपणाला एक दात जातो. त्यो पोराच्या अंगी लागतो. त्याला काय करायचं?" सासूबाईंची पोरं आणि गेलेले दात यांचा मेळ काही बसत नव्हता. पण नव्या सुनेने सासूची बाळंतपणं मोजायची नसतात.

घर धरणाच्या पाण्याकाठचं. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा वाडवडील वर डोंगराच्या अंगाला सरकले होते, आणि पलीकडे सडकेला जायचं तर होडीशिवाय सोय नव्हती. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. दात किडले की त्याचं खापर त्या पाण्यावरच फुटायचं. पाण्यातून वीज काढून घेतात, मग पाण्यात सत्त्व राहत नाही, आणि असलं निसत्त्व पाणी पिऊन दात टिकणार कसे, असं चांगली शहाणीसुरती माणसं सांगायची. वीज व्हायची खाली कोकणात, घाटाच्या पायथ्याला. आम्ही पीत होतो ते वरचं पाणी, ज्याला अजून कुणी हातही लावलेला नव्हता. हे मी एकदा बोलून दाखवलं आणि तेव्हापासून माझं नाव 'पौडाची मास्तरीण' पडलं. मी पौडची, सातवी शिकलेली, एवढंच त्याला कारण.

आता मी लेकाकडे हिंजवडीत असते, लिफ्टने वर जायच्या घरात. शेजारची सून कॉम्प्युटरवर काम करते, हुशार आहे. परवा म्हणाली, आजी, पेस्टमधलं फ्लोराइड म्हणजे विष असतं, त्याने मेंदू मंदावतो, म्हणून मी बाळाला त्याच्याशिवायची पेस्ट देते. बाळाचे पुढचे दात हिरडीपाशी तपकिरी झालेले मला दिसत होते. मी म्हटलं, काही गावांत जमिनीखालच्या पाण्यातच ते फार असतं, तिथे दात आणि हाडं बिघडतात हे खरं. पण तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून थुंकून टाकली तर त्याने दाताला बळच येतं, डॉक्टरला विचार. ती हसली आणि म्हणाली, डॉक्टर असंच सांगणार. मला राग आला. त्या पोरीचा नाही आला. हे असलं हसून बोललेलं पुढे कुठवर जातं, ते मी एका बाईच्या तोंडावर चढताना पाहिलेलं आहे.

ती बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना आक्का म्हणायचे. उंच, काटक, आणि भाताच्या लावणीत त्यांच्या बरोबरीने रोपं लावत कुणी मागे सरकू शकत नसे. मला पहिल्या वर्षी चिखलात उभंसुद्धा राहता येईना, तेव्हा त्यांनी माझ्या वाटणीची पात गुपचूप लावून टाकली आणि सासूबाईंना सांगितलं की धाकटीचा हात बरा बसलाय. माझ्यावर आलेलं बोलणं त्या अंगावर घ्यायच्या. अशा माणसावर जीव जडायला वेळ लागत नाही. माझा जडला.

त्यांना मिश्रीचा नाद होता. तसा तो घरातल्या सगळ्याच बायांना होता. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी उंबऱ्यात बसून बोटाने दातांना घासत राहायची. मिश्रीने दात लोखंडासारखे होतात, हा त्यातला धर्म. मी राखुंडीने दात घासायचे तर आक्का मला चिडवायच्या, "राख लावून भांडी घासत्यात गं, दात न्हाई." खरं म्हणजे तंबाखूने हिरडी बधिर होते, आणि आत काय कुजतंय त्याचा पत्ता लागत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं.

आषाढात लावणी ऐन भरात असताना आक्कांचा वरचा डावा सुळा ठणकायला लागला. पहिल्यांदा त्यांनी मिश्री जास्त लावली. मग लवंग दाबून धरली. मग एक दिवस वाफ्यात लावता लावता त्या तशाच चिखलात खाली बसल्या, इरल्याखाली, गाल हातात धरून, आणि रोपांची जुडी पाण्यात तरंगत गेली. आक्का काम टाकून बसल्या हे कुणी आजवर पाहिलं नव्हतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

थोरले दीर बायकोला घेऊन पौडला दवाखान्यात निघाले, आणि माझं माहेर तिथलं म्हणून मलाही बरोबर घेतलं. हे दीर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. बायको चिखलात बसली हे कळल्यावर नांगर सोडून धावत आले होते. डॉक्टरांनी आक्कांचं तोंड उघडायला लावलं, बत्तीने पाहिलं आणि म्हणाले, "हा वरचा सुळा पार पोखरलाय. मुळाशी पू धरायला लागलाय. आत्ताच काढून टाकू."

"वरचा?" दिरांनी विचारलं.

"वरचा."

त्यांनी आक्कांच्या दंडाला धरलं आणि उठवलंच. आमच्या भागात लहान पोराला विचारलं तरी ते सांगेल, खालची दाढ काढली तर हरकत नाही, पण वरच्या दाताची नस थेट डोळ्याला गेलेली असते. दात उपटला की नस ओढली जाते आणि डोळा जातो. सुळ्याची नस तर सगळ्यांत मोठी. डॉक्टर मागोमाग दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले. चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "अहो, दात काढून डोळा जात नसतो. दात ठेवलात आणि पू वर चढला, तर मात्र डोळ्याशी गाठ आहे."

सडकेला लागल्यावर दीर म्हणाले, "बगा, डाक्टर बी डोळ्याचंच बोलला." समजूत घट्ट असली की समोरच्याने खोडून काढलेलंसुद्धा तिला आधार वाटतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आक्कांनाही डोळ्याचीच भीती होती. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात असा होता की लांबच्या गावांतून जुनी लुगडी त्यांच्याकडे यायची. होडीत बसल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "दुखू दे. दिसतंय तवर दुखू दे."

घरी आल्यावर सासूबाईंनी उपाय हातात घेतला. दाताला कीड लागते म्हणजे खरोखरचा किडा लागतो, आणि तो धुरीने पडतो, हे त्यांचं शास्त्र. रिंगणीच्या काटेरी झुडपाचं वाळलं बी तुपात कालवून निखाऱ्यावर टाकायचं, वर मडकं पालथं घालायचं, मडक्याच्या भोकाला नळी लावून धूर दुखऱ्या दातावर घ्यायचा आणि खाली पाण्याची परात ठेवायची. आक्का खोकल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि परातीत बारीक पांढरे किडे खरंच पडले. शेजारणी वाकून वाकून बघत होत्या. सासूबाई किडे काडीने एका बाजूला सारत होत्या, तांदळातले खडे बाजूला करावेत तसे.

आणि ठणका थांबला. ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. तो थांबला नसता तर पुढचं काही झालं नसतं. आतली नस मरून गेली की दुखायचं बंद होतं, हे मला फार पुढे एका दातांच्या डॉक्टरणीने सांगितलं. त्या दिवशी मात्र घरात सण झाला. आक्का पोटभर जेवल्या, दुसऱ्या दिवशी वाफ्यात उतरल्या, आणि दीर माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझ्या मास्तरणीला सांग, दवाखाना घरातच हाय."

मीसुद्धा हसले. पण सुळ्याच्या वर, नाकाच्या बाजूला, गालावर एक गोल फुगवटा आला होता. आक्का तिथे बोट लावू देत नव्हत्या.

तो फुगवटा वर निघाला. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि तो आदल्या दिवसापेक्षा वर असायचा. आधी नाकपुडीपाशी, मग नाकाच्या दांडीपाशी. कातडी ताणून चकचकीत झाली. सासूबाई म्हणायच्या, "सूज म्हंजी कीड भाईर पडतीया. पडू दे." शेजारणी तेच म्हणायच्या. अंगणात सगळ्यांच्या देखत एक वाईट गोष्ट चालली आहे आणि सगळे तिला बरं होणं म्हणताहेत, असं मला मात्र वाटायचं. आक्कांचा स्वभाव बदलला. लेकीवर हात उगारायला लागल्या. उजेड नको म्हणून पडवीत अंधाऱ्या कोपऱ्यात बसायला लागल्या.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी थेट बोलायचं नसतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि सांगायचं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. कुणी नसेल तर भिंतीला, नाहीतर जनावराला. एका सकाळी दीर गोठ्यात होते. मी आत गेले, पदर ओढला आणि दावणीच्या वासराला म्हटलं, "वासरा, सूज डोळ्याला टेकली. आज पौडाला न्हेलं न्हाई तर माणूस जाईल."

दीर वासराच्याच पाठीवर हात फिरवत म्हणाले, "वासराला म्हनावं, घरात मोठी मान्सं हायेत."

"वासरा, मोठ्या मान्सांना दिसत न्हाई का?"

मग मी पदर मागे टाकला आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, "तुमची बायकू मरतीया." आमच्या घरात असं आजवर कुणी केलं नव्हतं. ते दचकून मागे सरले, जणू मी त्यांच्या अंगावर काही फेकलं. पण ते मला ओरडले नाहीत. पडवीत गेले, आक्कांचं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि तसेच उभे राहिले. डावा डोळा बंद झाला होता. पापणी वांग्यासारखी जांभळी झाली होती, आणि डोळा आतून पुढे ढकलल्यासारखा दिसत होता. आक्का तापाने बडबडत होत्या. लावणी राहिली आहे, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

झोळी करून त्यांना होडीपर्यंत आणलं. पौडच्या डॉक्टरांनी बघितलं आणि इंजेक्शन देऊन थेट पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ते आम्हाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पुण्यात सुळा काढला, पू काढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. आक्का वाचल्या. त्या वाचतील असं कुणी धरलं नव्हतं. डावा डोळा मात्र विझला. तो जागेवर होता, वरून बराही दिसायचा, पण त्याने त्यांना काही दिसत नव्हतं.

आक्का गावी परतल्या तेव्हा होडीच्या धक्क्यावर बाया जमल्या होत्या. त्यांनी आधी तोंडातली रिकामी जागा पाहिली, मग डोळा पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "बगा. वरचा दात काडला आन् डोळा गेला. मी काय खोटं सांगत हुते?" सगळ्या हळहळल्या. कुणी म्हणजे कुणी सासूबाईंना अडवलं नाही. दीर होडीतून सामान उतरवत होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरलेलं मी पाहिलं. मला त्यांची चीड आली आणि दयाही आली.

त्यानंतर आमच्या काठावरच्या गावांत वरचा दात काढायला कुणी पौडला गेलं नाही. पूर्वी ते नुसतं ऐकीव होतं. आता त्याला पुरावा मिळाला होता, आणि तो आमच्या पडवीत बसून गोधडी शिवत होता. गाल धरलेल्या बाया लांबून यायच्या आणि आक्का त्यांना स्वतःचा डोळा दाखवायच्या. "माज्याकडं बगा आन् शानं व्हा," म्हणायच्या. मी जळफळायचे. एकदा मी चिडून अंगणात निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकलं, मडकं पालथं घातलं आणि नळीखाली कुणाचंही तोंड न धरता नुसती परात ठेवली. तरी परातीत पांढरे किडे पडले. ते बियांच्या आतले कोंब होते, गरम झालं की फुटून बाहेर पडणारे. मी सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. त्यांनी परातीत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ बया. किडं हवेमंदी बी हायेत."

पण आक्कांना मी कधी समोरासमोर सांगितलं नाही. ज्या बाईचा डोळा गेला तिला जाऊन सांगायचं की तुझ्याच माणसांनी तो घालवला, आणि तुलाही तेच हवं होतं, हे माझ्याच्याने होईना. वर्षं गेली. मला मुलं झाली. आक्कांची थोरली लेक लुगडं नेसायच्या वयाला आली.

एका सकाळी मी रानातून सरपण घेऊन आले तर पडवीत रिंगणीचा धूर होता. सासूबाई एव्हाना अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणजे धुरी दुसऱ्या कुणी दिली होती. कोपऱ्यात थोरली लेक बसली होती, उजवा गाल हाताखाली झाकून. समोर आक्का. मी पोरीचा हात बाजूला केला. सूज नाकपुडीच्या बाजूने वर निघाली होती.

"किती रोज झालं?" मी विचारलं. पोरीने आईकडे पाहिलं. मला कळू द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आक्का, तुमचा डोळा दात काडल्यानं गेला न्हाई. काडायला उशीर केला म्हनून गेला. आता हिचा घालवनार का?"

त्या मला मारतील असं वाटलं. त्या मारायला उठल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मडकं उचलून बाजूला ठेवलं, निखाऱ्यावर पाणी ओतलं आणि धूर निवेपर्यंत थांबल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मी पोरीशेजारी खाली बसले.

"पुन्याच्या दवाखान्यात नर्सबाईनं तवाच सांगितलं. आदी आनलं असतं तर डोळा ऱ्हायला असता, म्हनली."

"मंग इतकी वर्सं तुमी समद्यास्नी उलटं का सांगता?"

"मंग काय सांगू? ह्यांनीच मला पायरीवनं माघारी आनलं. सासूबाईंनी धुरी दिली. ते खरं धरलं तर हितं नांदू कशी? रोज ह्यांच्या ताटात भाकरी वाढायची असती मला. दात काडला म्हनून गेला, असं म्हनलं की कुनाचंच काय चुकत न्हाई."

आतून सासूबाईंनी पाणी मागितलं. आक्का उठल्या, तांब्या देऊन परत आल्या आणि पोरीच्या डोक्यावरून लुगड्याचा पदर नीट केला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घिऊन जा हिला पौडाला. आत्ताच्या आत्ता. हे रानातनं यायच्या आदी."

"तुमी बी चला."

"मी न्हाई येत. मी न्हाई म्हनत हुते, असंच सांग. तू वडून न्हेलीस, असं सांग. हिच्या डोळ्याला काय झालं तर तुज्यावर येईल, ते अंगावर घे."

मी पोरीला घेऊन निघाले. तिचा डोळा राहिला, दोन्ही राहिले, हे सांगून टाकते. पण त्या सकाळी ते मला ठाऊक नव्हतं, आणि पोरीचा हात माझ्या हातात तापाने कढत लागत होता. आम्ही धक्क्यावर पोचलो, होडी सुटली, आणि मागून आक्कांचा आवाज आला. त्या काठावर उभ्या राहून मला शिव्या देत होत्या. पौडाची सटवी माझ्या लेकीला आंधळी करायला घेऊन चालली, म्हणून साऱ्या गावाला ओरडून सांगत होत्या. लोक घराबाहेर येऊन बघायला लागले. होडीवाल्याने वल्हं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, थांबू नकोस, चल. पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आईचं बोलणं ऐकत होती. पाणी ओलांडेपर्यंत आक्का गप्प बसल्या नाहीत.